येऊदेभाऊ

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात गाडी पुढे नेणं हे चालकाचं काम आहे आणि मागे घेणं हे गावाचं. पुढे जाताना कोणी विचारत नाही. खड्ड्यात जा, घाटात जा, तुझं तू पाहून घे. पण एकदा का रिव्हर्स पडला आणि खालून ती किरकिर ऐकू आली, की कुठून तरी एक माणूस उगवतो. क्षणापूर्वी तो तिथे नव्हता. पानटपरीच्या आडून येतो, पारावरून येतो, कटिंगच्या दुकानातून अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून येतो. गाडी त्याची नाही, माल त्याचा नाही, चालक त्याच्या ओळखीचा नाही. तळहातावरची तंबाखू ओठाखाली सारून तो दोन्ही हात मोकळे करतो, गाडीच्या मागे जाऊन पाय फाकवून उभा राहतो आणि सुरू होतो, “येऊ दे... येऊ दे... येऊ दे...”

त्याचं पाळण्यातलं नाव काही का असेना, आम्ही त्याला येऊदेभाऊ म्हणतो. गावात एक तरी असतोच, आणि तालुक्याच्या ठिकाणी चौकागणिक असतो. तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात घाटावरचं आणि घाटाखालचं फारसं पटत नाही. बोली वेगळी, ऊन वेगळं, आणि सोयरीक जुळवताना दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या पाण्यालाही नावं ठेवतात. येऊदेभाऊ मात्र मेहकरला पाहा, मलकापूरला पाहा, त्याच मापाचा. वय चाळीस ते साठ. खांद्यावर रुमाल, खिशाला पेन. त्या पेनने त्याने काही लिहिल्याचं कोणी पाहिलेलं नाही. चपलेचा अंगठा तुटलेला, कारण गाडी मागे घेताना पायाखाली पाहायचं नसतं.

उभं राहायची जागा तो नेमकी निवडतो. चालकाला आरशात जो कोपरा दिसत नाही, बरोबर तिथे. हात खांद्याच्या उंचीवर, तळवे स्वतःकडे, आणि सगळी बोटं एकदम आतबाहेर. ही बोटं चालकाला दिसत नाहीत, त्यामुळे सगळा कारभार आवाजावर चालतो. आवाज मात्र खणखणीत. लांबवलेला “येऊऊऊ दे” आला की मागे मैदान मोकळं आहे असं समजावं. एकामागून एक तुटक “येऊ दे, येऊ दे, येऊ दे” सुरू झाले की हातभर जागा उरली. आणि “अजून येते, अजून येते” असं प्रेमळ आर्जव सुरू झालं, की चालकाने देवाचं नाव घ्यावं. मग “बस!” येतो. त्याचा “बस” आणि मागून येणारा “धप्प” या दोन आवाजांत अंतर पडलेलं मी अजून ऐकलेलं नाही. तो अंदाज सांगतच नाही, निकाल सांगतो.

“पुढे घे” हे दोन शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीत. गाडी वाकडी येतेय हे आंधळ्याला दिसत असलं तरी तो म्हणणार, “येऊ दे, निंगते.” गाडी पुढे घेऊन, सरळ करून, पुन्हा मागे आणावी, हा जगन्मान्य उपाय त्याला पराभवासारखा वाटतो. एकदा मागे निघालेली गाडी मागेच गेली पाहिजे. इतका निश्चय आमच्याकडच्या एकाही पुढाऱ्यात नाही.

त्याला खऱ्या अर्थाने पाहायचं असेल तर कापसाच्या हंगामात खामगावला जावं. खामगावचा आणि कापसाचा संबंध जुना. या कापसासाठी इंग्रजांनी जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा काढला आणि १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उद्घाटनाला आला. त्या काळी कापूस बंडीतून यायचा. बंडी मागे घ्यायची तर धुरकरी खाली उतरून बैलांच्या तोंडापुढे उभा राही, कासरा आखडून धरी, आणि बैल नाइलाजाने जू मागे रेटत एकेक पाऊल सरकत. मागे काही अडलं की बैल थांबत. त्यांना कोणी “येऊ दे” म्हटलं काय, न म्हटलं काय, सारखंच. बैलाला स्वतःची अक्कल असल्यामुळे येऊदेभाऊचे आजे-पणजे त्या काळात बेकार असणार. ट्रॅक्टर आला, त्यातली अक्कल निघून गेली, आणि या घराण्याला काम मिळालं.

आता दिवाळी सरली की कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. ट्रॉलीवर बाजूच्या फळ्यांच्याही वर कापूस फुगलेला, वरून जाळी आवळलेली, आणि माथ्यावर एखादं पोरगं आडवं झालेलं. आधी काटा. भरलेली ट्रॉली तोलली की आवारात जाऊन कापसाच्या ढिगापाशी मागच्या बाजूने लावायची, तिथे रिकामी करायची, परत काट्यावर यायचं. यातलं “मागच्या बाजूने लावायची” एवढंच काय ते अवघड. चालकाच्या मागे कापसाची भिंत उभी असते. आरसे एक तर नसतात, नाही तर त्यांत चालकाचाच चेहरा दिसतो. अशा वेळी खाली कोणी तरी डोळा हवा. हा डोळा येऊदेभाऊ देतो, आणि सोबत तोंडही देतो.

त्यातली भूमिती समजून घेण्यासारखी आहे. येऊदेभाऊ ट्रॉलीच्या मागे, तोंड ट्रॅक्टरकडे. म्हणजे त्याचं डावं ते ट्रॅक्टरचंही डावं. इथवर कोणाची तक्रार नाही. पण चालक एक हात स्टिअरिंगवर आणि एक हात मडगार्डवर ठेवून मागे वळून बसलेला असतो. त्याचा डावा हात आता ट्रॅक्टरच्या उजवीकडे गेला. त्यात दोन चाकी ट्रॉलीचा स्वभावच उलटा. तिचं शेपूट डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं. हूक आणि दांडी यांच्यामध्ये एक पिन असते आणि त्या पिनेवर सगळं जग उलटं फिरतं. चार चाकी ट्रॉली असेल तर तिचा पुढचा आसही फिरता. म्हणजे ट्रॅक्टर आणि दांडी यांत एक सांधा, दांडीचा आस आणि ट्रॉली यांत दुसरा. उलट्याचं पुन्हा उलटं. जरा जास्त फिरलं की ट्रॅक्टर आणि ट्रॉली दुमडून एकमेकांकडे पाहू लागतात, दांडी मागच्या चाकाला घासते आणि पिन कण्हते. हे सगळं चालू असताना खालून आवाज येतो, “डावीकडं काट!”

कोणाच्या डावीकडे? स्टिअरिंग डावीकडे की शेपूट डावीकडे? हा प्रश्न त्याला विचारायची सोय नाही. विचारला तर तो म्हणतो, “अरे, डावीकडं म्हन्जे डावीकडं. जेवत नाई का त्या हातानं?” चालक आणखी गोंधळतो, कारण जेवतो तो उजव्या हाताने.

एका डिसेंबरात अशाच एका आवारात मी उभा होतो. काम माझं नव्हतं, सोबत गेलो होतो. ट्रॅक्टरवरचा पोरगा नुकताच मिसरूड फुटलेला, पण हात चांगला. चार चाकी ट्रॉली. मागे डावीकडे फाटकाचा विटांचा खांब, उजवीकडे पाण्याची टाकी, खाली तिचा नळ, आणि मधून जेमतेम वाट. पोराने गाडी सरळ लावून घेतली, मान वळवली, क्लच सोडत सोडत निघाला. छान येत होता. तेवढ्यात डावीकडून एक येऊदेभाऊ आला. ठीक होतं. मग उजवीकडून दुसरा आला.

दोन येऊदेभाऊ एका गाडीला लागले की काय होतं हे शब्दांत सांगणं कठीण आहे. डावीकडच्याला खांब दिसतो, टाकी दिसत नाही. उजवीकडच्याला टाकी दिसते, खांब दिसत नाही. डावीकडचा ओरडतो, “इकडं लागते, तिकडं घे!” उजवीकडचा ओरडतो, “तिकडंच ऱ्हाऊ दे, इकडं जागा नाई!” दोघंही खरं बोलत असतात. पोरगा स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतो. माथ्यावरचं पोरगं उठून बसतं आणि तिसरा सल्ला देतं. हमाल बिडी विझवून उभे राहतात. आणि मग दोघा भावांचं गाडीवरून लक्ष उडून एकमेकांवर जातं.

“तुले दिसते का टाकी?”

“मले टाकीशी काय करा लागते? तू खांबाकडं पाह्य ना!”

“तू कोन सांगनारा? मी आधी आलो.”

या आधी-नंतरच्या वादात मधली तीन-चार मिनिटं गेली, त्यात ट्रॉली आपल्या मनाने हळूहळू मागे येत राहिली, आणि टाकीचा नळ मुळासकट गेला. पाण्याची धार सरळ कापसाच्या दिशेने निघाली. ओला कापूस म्हणजे भाव तुटला. जिनिंगचा माणूस ऑफिसातून धावत आला. ट्रॅक्टर कोणाचा, ट्रॉली कोणाची, परवाना आहे का, अशी सरबत्ती सुरू झाली. उजवीकडचा येऊदेभाऊ तोवर गर्दीच्या तिसऱ्या रांगेत पोचला होता आणि टाचा उंचावून विचारत होता, “कोनं सांगतलं होतं बाप्पा याले मांगं घ्याले?”

डावीकडचा मात्र जागचा हलला नाही, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. पोरगा त्याच्यावर ओरडला, “बस म्हना लागत होतं ना काका!”

“म्हनलो ना मी बस.”

“कव्हा म्हनले?”

“लागल्या लागल्या म्हनलो.”

आणि हे खरं होतं. अर्ध्या सेकंदाचाही उशीर केला नव्हता.

भरपाई पोराच्या मालकाने दिली. कायदाही त्याच बाजूचा. मागे जाताना कोणाला धोका किंवा विनाकारण त्रास होणार नाही याची खात्री चालकाने स्वतः करून घ्यावी, आणि गाडी वळवायला जेवढं लागेल त्याहून जास्त मागे जाऊ नये, असं १९८९ सालच्या रस्त्याच्या नियमांत सरळ लिहिलं होतं. त्यात येऊदेभाऊचा कुठे उल्लेख नाही. एमएच-२८च्या पाटीखाली फिरणाऱ्या कोणत्याही गाडीच्या कागदपत्रांत तो नाही, विम्यात नाही, पंचनाम्यात तर मुळीच नाही. आठाचा आकडा काढून परवाना मिळवलेल्या माणसाला हा न मिळवलेला माणूस हुकूम सोडतो, आणि तो हुकूम पाळला जातो.

का पाळला जातो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मुरलेले चालक त्याचं ऐकत नाहीत. ते आपल्या मापाने येतात, आपल्या मापाने थांबतात, आणि त्याच्या ओरडण्याकडे पावसाच्या आवाजाइतकंच लक्ष देतात. तरी त्याला हाकलत कोणी नाही. कारण चालकाला दिशा नको असते, भागीदार हवा असतो. एकट्याने ठोकली तर मूर्ख ठरतो. कोणीतरी “येऊ दे” म्हणत असताना ठोकली तर नुसता दुर्दैवी ठरतो. घरी गेल्यावर बापाला सांगायला एक वाक्य मिळतं, “तो म्हने येऊ दे.” येऊदेभाऊची खरी सेवा ही आहे. आणि ती तो फुकट करतो.

हीच सेवा तो इतर बाबतींतही पुरवतो म्हणून त्याचं व्यक्तिचित्र लिहावंसं वाटलं. नाही तर ट्रॉलीवर चार ओळी पुरल्या असत्या. शेजारी घराचा ओटा बांधायला काढला, की येऊदेभाऊ दोरीच्या दुसऱ्या टोकाला उभा. “येऊ दे, अजून येऊ दे, रस्ता काय तुह्या एकट्याचा आहे का दुसऱ्याचा?” ओटा नालीला जाऊन भिडतो. पुढे ग्रामपंचायतीची नोटीस येते, तेव्हा तो नोटीस वाचून दाखवतो. लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याची बोलणी अडतात, मुलीचा बाप कपाळावरचा घाम पुसत असतो आणि हा दोन्ही बाजूंना म्हणत असतो, “होऊ द्या, होऊ द्या, काई होत नाई.”

बोअरच्या गाडीपाशी तर त्याला पाहावत नाही. आमच्याकडचं पाणी किती खोल गेलंय हे सगळ्यांना माहीत आहे. बोअरवाला फुटावर पैसे घेतो. दोनशे फुटांवर नुसती धूळ निघते आणि शेतकरी मनात हिशेब करत असतो. तेव्हा धुळीत पांढरा झालेला येऊदेभाऊ त्याच्या कानाशी येतो. “जाऊ दे, जाऊ दे. आता लागते पाह्य.” तीनशे. “जाऊ दे, वल दिसते.” चारशे. वल दिसते ती शेतकऱ्याच्या डोळ्यांत. बोअर कोरडी गेली की येऊदेभाऊ रुमालाने तोंड पुसतो आणि म्हणतो, “म्या पयलेच म्हनलो होतो, जागा चुकली.” त्याचं स्वतःचं शेत कोरडवाहू आहे. त्यात त्याने कधी बोअर घेतली नाही.

एसटी स्टँडवर त्याचा रुबाब जरा उतरतो. आमच्या स्टँडांवर बस तोंड फलाटाला टेकवून उभी राहते, त्यामुळे पंढरपूरला जायचं असो की पुण्याला, पहिली काही पावलं उलटीच पडतात. तिथे वाहक खाली उतरतो, मागे जाऊन शिट्टी फुंकतो, पत्र्यावर थाप मारतो. सरकारी गणवेश, सरकारी शिट्टी. येऊदेभाऊ बाजूला रसवंतीपाशी उभा राहून ओठांतल्या ओठांत म्हणत असतो, पण मोठ्याने म्हणायची छाती होत नाही. वाहक शिट्टी थांबवून तिकिटांच्या मशीनकडे वळला, तर मात्र तो क्षणभर पुढे होतो आणि एखादा “येऊ दे” हळूच टाकून देतो.

शेगावात तर त्याची पंचाईतच. गजानन महाराजांच्या दर्शनाला आलेल्या गाड्या लावून देतात ते सेवेकरी. पांढरे कपडे, आवाज बेताचा. “माउली, थोडं मागे. माउली, थांबा.” हाताचा पंजा एकदाच उघडतो आणि गाडी तिथल्या तिथे उभी राहते. ना आरडाओरडा, ना नळ मोडलेला. आमच्या गावचा येऊदेभाऊ गुरुवारी शेगावला जातो, तेव्हा या सेवेकऱ्यांकडे बराच वेळ टक लावून पाहत बसतो. परत आल्यावर म्हणतो, “जमते त्याह्यले. पन मजा नाई.”

सिंदखेडराजाला १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीसाठी गाड्यांची रीघ लागते, तेव्हा आसपासच्या शेतांत जणू त्याच्या जातभाईंचं संमेलन भरतं. ढेकळांत फसलेली जीप मागे घ्यायची तर वीसजण ढकलायला आणि पंधराजण सांगायला. नांदुऱ्याला हायवेच्या कडेला एकशे पाच फुटी मारुती आहे. तिथे येऊदेभाऊला गाडीही लागत नाही. मोबाइल धरून उभा असलेला कुटुंबप्रमुख बायकोमुलांना म्हणत असतो, “मागे व्हा, अजून मागे,” कारण मारुती फोटोत मावत नाही; आणि येऊदेभाऊ त्यांच्या मागून म्हणत असतो, “येऊ द्या, येऊ द्या.” मागे राष्ट्रीय महामार्ग. मारुतीरायाच सांभाळून घेतो.

आमच्याकडे समुद्र नाही. पाणी म्हणजे येळगावचं धरण किंवा लोणारचं खारं सरोवर. नावा-गलबतांशी आमचा संबंध पाठ्यपुस्तकापुरता. तरी मुंबईच्या बंदरात उभी हयात काढलेल्या एका स्नेह्यांनी मला एकदा सांगितलं, की जुन्या घडणीच्या शिडाच्या नावेला खाली पुढच्या टोकापासून थेट मागच्या टोकापर्यंत लांबलचक कणा असतो आणि त्याच्या शेवटाला सुकाणू. पुढे जाताना अशी नाव नाकासमोर चालते, लाटेलाही दाद देत नाही. पण इंजिन उलटं टाकून तिला धक्क्यावरच्या खाचेत मागच्या बाजूने घालायची म्हटली, की तिच्याइतकं हट्टी जनावर नाही. वेग येईपर्यंत सुकाणूला पाणी लागत नाही, म्हणजे ते नुसतं हातात धरायला. पंखा उलटा फिरतो तो नावेचं शेपूट एका बाजूला ओढतो. वेग येऊन सुकाणू ऐकायला लागतं, तोवर शेजारच्याची नाव आलेली असते. जाणते नावाडी आपली नाव कोणत्या बाजूला लाथ मारते ते आधीच ओळखून असतात, तेवढं वाकडं धरूनच येतात, इंजिनाला थोडा थोडा जोर देत. आणि नाहीच जमलं तर निमूट दोर फेकून हातांनी ओढून घेतात. मी विचारलं, “आणि धक्क्यावर कोणी उभं असतं का?” ते म्हणाले, “असतो ना एक. हात हलवत.” त्या दिवसापासून मला समुद्राबद्दल आपुलकी वाटू लागली.

याच जातीची, बत्तीस फुटी, सागवानी होडी ‘सुहेली’ साठच्या दशकात मुंबईतच बांधली गेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिला घेऊन १४ जून १९६८ रोजी इंग्लंडातल्या फाल्मथहून एकटाच निघाला आणि कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून २२ एप्रिल १९६९ रोजी तिथेच परतला. असं करणारा तो पहिला माणूस. पुढे तशाच प्रदक्षिणेच्या २०१८च्या गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी दर्यावर्दी अभिलाष टॉमीने गोव्यात ‘सुहेली’च्याच नमुन्याची ‘थुरिया’ बांधून घेतली. मी हे सगळं आमच्या येऊदेभाऊला सविस्तर सांगितलं. वादळं सांगितली, तीनशे बारा दिवसांचं एकटेपण सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, “पुढंच गेला ना सारा वखत? पुढं जाले काय लागते?”

अलीकडे त्याच्यावर खरं संकट आलं आहे ते यंत्राचं. याआधीही यंत्रं आली होती. मधल्या काळात मोटारींना रिव्हर्सचं गाणं लागलं. आरतीच्या चालीवर मागे येणारी गाडी पाहून म्हाताऱ्या बाया हात जोडून बाजूला होत. त्याचं येऊदेभाऊने काही मनावर घेतलं नाही. उलट साथसंगत झाली. पण १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागच्या बाजूचा सेन्सर सक्तीचा झाला. गाडी भिंतीजवळ आली की आतल्या आत टीं-टीं वाजतं, आणखी जवळ गेली की टींऽऽऽ असा अखंड सूर. हे म्हणजे त्याचंच “येऊ दे, येऊ दे, बस”, फक्त वेळेवर. वेळेवर हाच त्याला त्यातला दोष वाटतो. “ते भेकड आहे,” तो म्हणतो. “दीड फूट जागा असते अन् बोंबलते.”

मग कॅमेरे आले. मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीत पुण्याहून एक पाहुणे आले, नवी कोरी मोटार घेऊन. एका बाजूला खांब, एका बाजूला गोठा. मधल्या बोळात गाडी मागे घालायची होती. पाहुण्यांनी रिव्हर्स टाकला आणि समोरच्या पडद्यावर मागचा सगळा बोळ उमटला. हिरव्या, पिवळ्या, तांबड्या रेघांसकट. येऊदेभाऊ आलेलाच होता. पाहुणे सज्जन. त्यांनी काच खाली करून त्याला बोलावलं. “काका, या, आत बसा. सगळं दिसतं यात.”

तो चपला बाहेर काढून आत बसला. पडद्याकडे टक लावून पाहिलं. गोठ्यातली म्हैस दिसत होती, खांब दिसत होता, खांबाला टांगलेली बादलीही दिसत होती. रेघा स्टिअरिंगबरोबर वळत होत्या. त्याने बोटाने पडदा पुसून पाहिला.

“दिसते,” तो म्हणाला.

“मग? आता कोणाची गरज नाही.”

“दिसते ते बराबर आहे. पन मागं म्हननारं कोन आहे?”

पाहुण्यांना प्रश्न कळला नाही. येऊदेभाऊने थोडा वेळ वाट पाहिली, मग दार उघडून उतरला, चपला घातल्या, रुमाल खांद्यावर नीट केला आणि बोळाच्या तोंडाशी, गाडीच्या बरोबर मागे, पाय फाकवून उभा राहिला. “येऊऊऊ दे!”

पाहुण्यांनी हळूच ब्रेक सोडला. गाडी हातभर मागे आली आणि आत टीं-टीं सुरू झालं. आणखी वीतभर आली तर टींऽऽऽ. पडद्यावर तांबड्या रेघेच्या आत येऊदेभाऊ उभा होता, बोटं हलवत, “येऊ दे, येऊ दे.” पाहुण्यांनी हॉर्न दिला. हातांनी खुणा केल्या, बाजूला व्हा म्हणून. त्याने त्या खुणांचा अर्थ आपल्या परीने लावला आणि आणखी जोराने बोटं हलवली. शेवटी गाडीने स्वतःच ब्रेक दाबला आणि जागच्या जागी गचकन उभी राहिली. गाडीची शेपटी बोळाच्या तोंडाशी, बाकी सगळी गाडी रस्त्यात आडवी, आणि मागून येणारी दुधाची गाडी तिच्यापाशी येऊन थांबलेली.

“बस!” येऊदेभाऊ म्हणाला. “बसली बराबर.”

आणि तो दुधाच्या गाडीकडे वळला. तिला आता मागे घ्यावं लागणार होतं.